जिज्ञासेचा दुष्काळ

मराठीत प्रश्न विचारणाऱ्या माणसाला नावे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक त्याला नावे ठेवण्यासाठीच योजलेली आहेत. तो भोचक असतो, आगाऊ असतो, अतिशहाणा असतो. नसत्या उठाठेवी करतो, फाजील चौकशा करतो. 'चौकस' हा एकच शब्द काय तो थोड्या कौतुकाने उच्चारला जातो, आणि तोही बहुधा लहान मुलाविषयी. मूल मोठे झाले, शाळेत जाऊ लागले, की त्याचा हा चौकसपणा हळूहळू ओसरावा अशी घरच्यांची आणि गुरुजनांचीही मूक अपेक्षा असते. ती बहुधा पुरी होते.

याउलट 'जिज्ञासा' हा शब्द आपल्याकडे आला तो मोठ्या इतमामाने. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात तो आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा आरंभही त्यानेच होतो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता 'ज्ञा' म्हणजे जाणणे या धातूचे ते इच्छार्थक रूप आहे. पिण्याची इच्छा ती पिपासा, खाण्याची इच्छा ती बुभुक्षा, तशी जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. म्हणजे भाषेनेच हा शब्द तहान-भुकेच्या पंगतीला बसविला आहे. आपण मात्र त्याला तेथून उठवून देवघरात नेऊन ठेवले. जिज्ञासा असावी ती ब्रह्माची; शेजारच्या विहिरीचे पाणी यंदा फाल्गुनातच का आटले, याची जी करावी ती नसती चौकशी. 'जिज्ञासूंनी लाभ घ्यावा' हे वाक्य प्रवचनाच्या हस्तपत्रिकेवर छापलेले असते. भूजल खात्याच्या फलकावर ते प्रस्तुत लेखकाने अद्याप वाचलेले नाही.

कुतूहल आणि जिज्ञासा यांतही आपण फारसा भेद करीत नाही. भेद आहे. रस्त्यात दोन वाहने आदळली की गर्दी जमते ती कुतूहलाने, आणि दहा मिनिटांत ती पांगते. त्याच वळणावर वारंवार अपघात का व्हावेत हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी परत जाणारा एखादाच. कुतूहलाला उत्तर मिळाले नाही तरी चालते, कारण तोवर समोर दुसरे काही आलेले असते. जिज्ञासेला उत्तर मिळेपर्यंत चैन पडत नाही, आणि मिळालेले उत्तर खरे कशावरून, असे विचारल्यावाचूनही तिला राहवत नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण आपल्याच दोन शहरांत आहे. गेल्या तीन-चार दशकांत लातूरने आणि तिच्या मागोमाग नांदेडने परीक्षेच्या क्षेत्रात जे नाव कमावले, ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्दप्रयोग आता मराठी भाषेचा भाग झाला आहे. ज्या भागात एके काळी वरच्या वर्गांचे शिक्षण स्वतःच्या भाषेत मिळत नव्हते, ज्या भागातील मुलांना पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे, त्या भागात आता दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले शिकावयास येतात. कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी डॉक्टर होते, वाहकाचा मुलगा अभियंता होतो. याची टिंगल करण्याची प्रथा पुण्या-मुंबईकडे आहे. तीत सामील होण्याची आमची इच्छा नाही. दोन एकर जमिनीवरचे कर्ज काढून मुलाला येथे ठेवणाऱ्या बापाला 'ज्ञानासाठी ज्ञान' ऐकविणे हा उद्धटपणा ठरेल.

परंतु या भागातील कोणत्याही शिक्षकाला विचारावे की, तासाला सर्वांत अधिक ऐकू येणारा प्रश्न कोणता. तो प्रश्न 'सर, हे परीक्षेला आहे का?' हा असतो. उत्तर नकारार्थी आले की चाळीस-पन्नास वह्या एकदम मिटतात. दोष मुलांचा नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत एकशेऐंशी प्रश्न आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर वेळ, अशी रचना असता 'असे का?' म्हणून थांबणारा विद्यार्थी मागे पडतो, आणि दोन वर्षे तो न थांबण्याचाच सराव करीत असतो. अशा तयारीत उत्तर आधी मिळते. प्रश्न त्याच्या अंगाला बेतून घ्यावयाचा असतो. या व्यवस्थेचे समर्थक सांगतात की जिज्ञासा ही भरल्या पोटाची चैन आहे. आधी मुलगा मार्गाला लागू द्या, मग तो हवे ते वाचील. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो खरा आहे की नाही, हे पाहण्यासाठी मात्र फार लांब जावे लागत नाही.

नरहर कुरुंदकर हे नाव नांदेडकरांना सांगावे लागत नाही. १९३२ मध्ये नांदापूर या खेड्यात जन्मलेला हा माणूस इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाला. नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत तो शिक्षक झाला, यथावकाश पदव्या मिळविल्या, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे तेथेच प्राचार्य झाला. आणि १९८२ च्या फेब्रुवारीत, पन्नाशीही न गाठता, औरंगाबादला व्यासपीठावरच गेला. हे चरित्र चार ओळींचे आहे. त्या चार ओळींच्या आत त्यांनी कशाकशाचा माग काढला ते पाहावे. 'रिचर्ड्सची कलामीमांसा' हे पुस्तक १९६३ चे. मोठी ग्रंथालये, विद्यापीठीय वर्तुळे यांच्यापासून शेकडो मैल दूर, नांदेडसारख्या तेव्हाच्या आडगावी बसलेल्या एका शिक्षकाला एका इंग्रज समीक्षकाची सौंदर्यकल्पना तपासून पाहावीशी वाटली. त्याचा पगार त्यामुळे वाढणार नव्हता. पुढे भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, गांधी आणि मार्क्स, इस्लामचा इतिहास, भारताची राज्यघटना, हैदराबादचा मुक्तिलढा असा विस्तार होत गेला.

हा विस्तार पाहून लोक त्यांना 'चालता-बोलता ज्ञानकोश' म्हणत. ते विशेषण आम्हांला अपुरे वाटते. ज्ञानकोशाला प्रश्न पडत नाहीत, आणि कुरुंदकरांचे वैशिष्ट्य प्रश्नांतच होते. 'श्रीमान योगी' या कादंबरीला जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र याची साक्ष आहे. शिवाजी महाराज थोर होते, हे मराठी वाचकाला कोणी नव्याने सांगावयास नको होते. परंतु राजा गेला, त्याचा वारस मारला गेला, राजधानी पडली. तरी १७०७ पर्यंत ही माणसे औरंगजेबाशी का झुंजत राहिली, असा प्रश्न पडला म्हणजे त्या थोरवीकडे निराळ्या बाजूने पाहावे लागते. सर्वांना मान्य असलेल्या गोष्टीविषयी 'असे का?' म्हणून विचारणे, आणि तेही तिचा अनादर न करता, ही जिज्ञासेची अवघड जात आहे.

येथे एक सावधगिरी हवी. कुरुंदकर नापास झाले म्हणून मोठे झाले, असा निष्कर्ष काढणारी माणसेही भेटतात. विशेषतः निकालाच्या आठवड्यात. परीक्षेत पडणे हा जिज्ञासेचा पुरावा नव्हे. एवढेच खरे की, परीक्षेच्या मापाने जे मोजले जाते त्याखेरीज या माणसापाशी काही होते, आणि ते 'मार्गाला लागल्यानंतर' जन्मलेले नव्हते. आधी नोकरी आणि नंतर जिज्ञासा, हा क्रम येथे लागू पडत नाही. भूक अशी पुढे ढकलता येत नाही. फार दिवस मारली तर ती मरते, हे प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे.

कचेरीत खुर्ची उबविणाऱ्या आम्हां मंडळींसाठी निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण अधिक जवळचे. १९१० मध्ये जन्मलेले पगडी निजामाच्या राज्यात मुलकी अधिकारी होते. आदिलाबादच्या गोंडांच्या प्रदेशात काम पडले तेव्हा दुभाष्यावर भागविता आले असते, पुष्कळांनी भागविलेही. पगडी गोंडी भाषा शिकले, तिचे व्याकरण लिहिले, त्या लोकांविषयी पुस्तक लिहिले. फार्सीचा उपयोग जुनी दफ्तरे वाचण्यापुरता करून थांबता आले असते. त्यांनी भीमसेन सक्सेना, खाफीखान यांच्यासारख्या मोगल बाजूच्या लेखकांचे ग्रंथ मराठीत आणून आपल्या इतिहासाची दुसरी बाजू सामान्य वाचकापुढे ठेवली. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरांचे संपादन त्यांच्याकडे आले. सरकारी नोकरीत मन गंजते ही तक्रार आपण नित्य ऐकतो. फायलीत जी गावे, ज्या जमिनी, ज्या जाती-जमाती रोज हाताखालून जातात, त्यांच्याकडे मान वर करून पाहण्याची परवानगी कोणत्या नियमाने नाकारली आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पगडी आणि कुरुंदकर झाले तरी विद्वान. तेर या गावी ज्यांच्या नावाने आज शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे ते रामलिंगप्पा लामतुरे विद्यापीठाचे पंडित नव्हते. तेर हे लातूरच्या पश्चिमेस, तेरणेच्या काठी, धाराशिव जिल्ह्यात. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. जुनी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदून मोडली की जी राखट, मऊ माती साठते तिला आपल्याकडे पांढरी म्हणतात. पाऊस पडला की या टेकाडांतून मणी, खापरे, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. गावाने त्या शतकानुशतके पाहिल्या, तुडविल्या, पोरांनी खेळावयास घेतल्या. लामतुऱ्यांनी त्या उचलल्या आणि घरी नेऊन जपल्या, तेही एखाद्या पावसाळ्यापुरते नव्हे, तर आयुष्यभर. संग्रह हजारोंच्या संख्येत गेला. ग्रीक-रोमन जगाच्या प्रवासवर्णनांत 'तगर' म्हणून ज्या व्यापारपेठेचा उल्लेख येतो, ते हेच तेर, असे विद्वानांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ठरविले होते. परंतु त्या पेठेतली माणसे काय लेत होती, कशाशी खेळत होती, हस्तिदंतावर कसे कोरीत होती, हे आज डोळ्यांनी पाहता येते ते बव्हंशी या एका गावकऱ्याने वाकून वेचल्यामुळे.

याच तेरणेच्या काठाने खाली गेले की किल्लारी लागते.

१९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारीच्या परिसरात जमिनीतून गडगडाट ऐकू येत होता, लहान-लहान धक्के बसत होते. लोक घाबरले, तऱ्हेतऱ्हेच्या वदंता उठल्या. पुढे धक्के थांबले आणि भीती ओसरली. भीतीतून उपजलेल्या प्रश्नांचे असेच होते. भीती गेली की प्रश्नही जातो. दख्खनचे पठार अभंग आहे, ही समजूत एकट्या गावकऱ्यांची नव्हती. देशाच्या भूकंप-नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन करून गाव झोपले असता, जमीन हादरली. शासकीय गणनेनुसार आठ हजारांच्या आसपास माणसे गेली आणि बावन्न गावे नव्याने वसवावी लागली.

त्यानंतरच्या दिवसांत दोन प्रकारची माणसे किल्लारीकडे निघाली. मदतीला जाणारी असंख्य होती. त्यांचा प्रश्न येथे नाही. उरलेल्यांतला एक वर्ग बघ्यांचा होता. मोटारी, मालमोटारी भरून लोक 'भूकंप पाहायला' आले आणि रस्ते अडून मदतीच्या गाड्या खोळंबल्या. कुतूहल आणि जिज्ञासा यांतील भेद आम्ही वर शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला. त्या रस्त्यावर तो उघड्या डोळ्यांनी दिसत होता. कारण दुसरा वर्ग बघे परतल्यावरही तेथेच राहिला. भूवैज्ञानिकांनी भेगा मोजल्या, चर खणले, यंत्रे रोवली. खाली काय आहे हे पाहण्यासाठी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा कातळ लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर, आणि मग जुना ग्रॅनाइटी पाया. ज्या कातळावर आपण पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत झोपलो, त्याची जाडी यापूर्वी कोणी या ठिकाणी मोजलेली नव्हती. धरणाच्या पाण्याचा या भूकंपाशी संबंध किती, यावर वाद झाला. देशाचा भूकंप-नकाशा २००२ मध्ये बदलला आणि सर्वांत सुरक्षित म्हणविणारा पहिला पट्टाच रद्द झाला.

याहून घरगुती एक प्रश्न अभियंत्यांनी विचारला. इतकी माणसे भूकंपाने मेली की घराने? आपल्याकडील माळवदाचे घर म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि लाकडी कड्या-तुळयांवर मातीचे जाड छत. उन्हाळ्यात थंड, म्हणून सर्वांना प्रिय. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर आणखी माती टाकावयाची, ही रीत. वर्षानुवर्षे ती टाकली जात होती. आपल्या डोक्यावर आता किती मण ओझे झाले आहे, याचा हिशेब करण्याचे कोणाला कारण पडले नव्हते. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, त्यामुळे भिंती फाटल्या आणि छत खाली आले. काही जुन्या घरांत मात्र भिंत पडली आणि माळवद लाकडी खांबांवर तसेच उभे राहिले, कारण त्यांचे सांधे नीट बसविलेले होते. जुन्या सुताराला जे ठाऊक होते ते मधल्या काळात विसरले गेले, आणि कोणी विचारले नाही म्हणून कोणी सांगितले नाही. दुरुस्तीच्या कार्यक्रमात पुढे भिंतींतून आरपार दगड बसविण्यात आले. हे उत्तर १९९२ मध्येही उपलब्ध होते, आणि त्यासाठी ६१७ मीटर खणावे लागत नव्हते. म्हणून जिज्ञासा ही चैन आहे असे कोणी म्हटले की आम्हांला माळवदे आठवतात.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. किल्लारीला यापूर्वी कधी असे घडले होते काय, हे शोधीत काही भूवैज्ञानिक तेरला पोहोचले. त्या पांढरीच्या थरांत त्यांना जमीन हलल्याच्या खुणा आढळल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी येथे मोठा भूकंप झाला असावा, असा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. लामतुरे ज्या टेकाडांवरून मणी वेचीत होते, त्या टेकाडांत हे उत्तर पडून होते. ते त्यांना दिसावयास हवे होते असे मुळीच नाही. ज्या मातीतून एकाला मणी मिळाले तिच्यातूनच दुसऱ्याला भूकंप मिळाला, कारण दोघांचे प्रश्न वेगळे होते. तिसऱ्याला तेथे काय सापडेल, हे आज कोणी सांगू शकत नाही.

आता खिशातल्या दूरध्वनीत साऱ्या उत्तरांची सोय झाली आहे, मग जिज्ञासेचा हा बडेजाव कशाला, असे विद्यार्थी विचारतात. उत्तर लवकर मिळण्यास आमची हरकत नाही. पण त्या यंत्राला जे विचारावयाचे ते आधी विचारणाऱ्याच्या मनात यावे लागते, आणि आपल्या गावच्या कूपनलिका दोनशे फुटांवरून आठशे फुटांवर का गेल्या, यासारख्या प्रश्नाचे उत्तर तेथे तयार ठेवलेले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा किती वाघिणी आल्या हे शहरातल्या पोरासोरांना पाठ होते. काळ्या कातळात पाणी नेमके कोठे साठते, भेगांत की झिजलेल्या थरांत, हे किती पदवीधरांना सांगता आले असते? ते अभ्यासक्रमात होते. परीक्षेला बहुधा नव्हते.

शिक्षकांनी काय करावे, याचे उपदेश त्यांना चोहीकडून मिळतात. त्यांत भर घालण्यापेक्षा एक लहानशी सहल सुचवितो. नांदेड जिल्ह्यात कंधारच्या परिसरात राष्ट्रकूट काळातील एका अतिप्रचंड क्षेत्रपाल-मूर्तीचे तुटलेले अवयव आहेत. मूर्ती उभी होती तेव्हा किती उंच असेल? आठवी-नववीच्या मुलांना मोजपट्टी देऊन तेथे न्यावे. माणसाच्या पावलाची लांबी त्याच्या उंचीच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी असते. हे मुलांना सांगूही नये, एकमेकांची पावले मोजून त्यांनीच काढावे. मग दगडी अवयव मोजून त्रैराशिक मांडावे. दुसऱ्या गटाला मूर्तिशास्त्रातील ताल-मान समजावून द्यावे. चेहऱ्याच्या लांबीला एक ताल म्हणतात आणि मूर्ती नवताल असली तर तिची उंची चेहऱ्याच्या नऊपट होते, एवढे पुरे. दोन्ही गटांची उत्तरे जुळणार नाहीत. मुले आधी एकमेकांची गणिते तपासतील, मग मोजपट्टी तपासतील, आणि परतीच्या एसटीत त्यांच्यातले कोणी तरी विचारील की, शिल्पकाराने माणूस पाहून मूर्ती घडविली की शास्त्र पाहून.